रेडकाच्या अंगावरची शाल

मालन गेल्याचं मला आधी म्हशीनं सांगितलं. सकाळची धारेची वेळ टळून गेली तरी तिची म्हैस रेकत होती. मालनची धार कधी चुकली नव्हती, तापात नाही, पावसात नाही. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत. मी भिंतीवर तांब्या आपटला. पलीकडून उत्तर आलं नाही, तेव्हाच कळलं... दार लोटलं तर ती कुशीवर झोपल्यासारखी, वाकळ गळ्यापर्यंत ओढलेली. हात लावून पाहिलं, अंग गार होतं. मी आधी म्हशीची धार काढली आणि मग माणसं बोलावली. बायकांनी त्यावरून मला नावं ठेवली. ठेवू देत. मेलेलं माणूस थांबतं, म्हैस थांबत नाही, आणि मालननंही तेच केलं असतं.

मालन माझी धाकटी जाऊ. तासगावकडची. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या खांद्याला लागायची, आणि खळखळून हसायची म्हणून सासूबाईंची बोलणी खायची. आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं, फौजेचं गाव. घराघरात एक तरी माणूस वर्दीतला. आमचे मालक फौजेत, धाकटे दीरही फौजेत. मालनच्या लग्नाला चार वर्षं होत होती, तेव्हा सीमेवर दीर गेले. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली. सगळा तालुका लोटला होता. घोषणा देऊन देऊन माणसांचे घसे बसले. मला त्या दिवशी रडू येत होतं आणि छाती फुगतही होती, दोन्ही खरं आहे.

माणसं ओढ्यावर अंघोळीला गेली आणि आतल्या खोलीत सासूबाई मालनच्या बांगड्या फोडायला बसल्या. त्या स्वतः विधवा, म्हणजे ते काम त्यांचं. मालननं हात मागं ओढला. तेव्हा तिचं मनगट दोन्ही हातांनी पाट्यावर दाबून धरलं ते मी. काच घुसली, रक्त आलं, तरी सोडलं नाही. हे आधी लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

त्यानंतर गावानं तिला सांभाळलं, हेही लिहायला पाहिजे. पहिली दोन वर्षं तिचं रान लोकांनी नांगरून दिलं, कुणी मागं काही मागितलं नाही. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला झेंड्यापाशी पहिल्या रांगेत तिची खुर्ची. नारळ, गुच्छ, शाल. आणि त्याच जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्या घरी असायचं तेव्हा तिळाच्या वड्या थापायला मालन, आणि बायका यायला लागल्या की मालन गोठ्यात. मी तिला जा म्हणून कधी सांगितलं नाही. ये म्हणूनही सांगितलं नाही. कोणीच बोलवत नव्हतं, म्हणून मीही नाही. कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, रीत आहे.

शाली साठत गेल्या. दिरांच्या फौजेच्या काळ्या ट्रंकेत मावेनात, तेव्हा तिनं त्या एकाला एक जोडून, आत जुनी लुगडी घालून वाकळ शिवली. उरलेल्यातली एक हिवाळ्यात रेडकाच्या पाठीवर बांधायची.

मी म्हटलं, "अगं, सत्काराची शाल ती."

"मग? रेडकू काय कुणाचं वाईट करतंय?" ती म्हणाली. "लय गारठा हाय आक्का. त्याला ऊब पायजे, मला सत्कार झाला की."

पाच-सहा वर्षांपूर्वी तिच्या माहेरच्या गावची एक पोरगी आली. सांगलीला शिकलेली, पायात बूट, खांद्यावर कॅमेरा. फौजींच्या बायकांवर सिनेमा काढते म्हणाली. गावाला वाटलं, शौर्याचा सिनेमा असणार. सरपंचांनी स्वतः तिला स्मारक दाखवलं, जुने फौजी मेडलं लावून फोटोला उभे राहिले. ती दोन हिवाळे येत-जात राहिली. मालनच्या घरी राहायची, चुलीपाशी बसायची, शेण काढायची. मला ती पोरगी आवडायची नाही. फार गप्प बसायची, आणि गप्प बसलेल्या माणसापुढं आपण नको तेवढं बोलतो.

मग बातमी आली, सिनेमाला परदेशात बक्षीस मिळालं. सिनेमा कुणीच बघितलेला नव्हता, पण चौकात फ्लेक्स लागला! मालनचा फोटो, सरपंचांचा तिच्याहून मोठा, आणि खाली लिहिलेलं, आमच्या गावाची मान जगात उंच. पेढे वाटले. शाळेच्या मैदानात पडदा बांधून सिनेमा दाखवायचं ठरलं, त्या पोरीलाही बोलावलं. आमचे मालक इस्त्रीचे कपडे घालून पुढं जाऊन बसले.

पडद्यावर आधी आमचा डोंगर, ऊस, झेंडा. टाळ्या पडल्या. मग मालन दिसली, धार काढत बोलणारी. "झेंड्याला पयल्या रांगेत बसवत्यात. संक्रांतीला गोठ्यात बसवत्यात. दोन्हीकडं मी गपच बसती." टाळ्या थांबल्या. मग त्या पोरीचा आवाज आला, बांगड्या कुणी फोडल्या? मालन म्हणाली, सासूबाईंनी. पोरीनं विचारलं, आणि हात कुणी धरला होता?

मी मैदानात बायकांच्या घोळक्यात बसले होते. मी पदर डोक्यावरून पुढं ओढला. पडद्यावर मालन थोडा वेळ मनगटाकडं बघत राहिली... मग म्हणाली, "ते काय आता आठवत न्हाई."

पुढच्याच चित्रात रेडकू. पाठीवर शाल, शालीवर गावाचं नाव छापलेलं.

गोंधळ झाला तो त्यावर. गोठ्यात बसवतात यावर नाही, काचेवर नाही. रेडकावर! सत्काराची शाल जनावरावर घातली, म्हणजे शहिदांचा अपमान, फौजेचा अपमान, देशाचा अपमान, आणि तोही परदेशात दाखवला. पडदा अर्ध्यात उतरवला, उजाडायच्या आत फ्लेक्सही उतरला. त्या पोरीला गाडीत बसवून रस्त्याला लावलं. मी गाडीपाशी जाऊन तिला म्हटलं, "रान नांगरून दिलं ते का न्हाई दाखवलं?"

"घेतलं होतं आजी. लांबी कमी करताना कापावं लागलं."

"कापताना आमचं चांगलंच बरं सापडलं!"

तिनं गाडीचं दार ओढून घेतलं. माझं ते म्हणणं आजही तसंच आहे. पण हेही कळतं, की तेवढं दाखवलं असतं तर आम्ही तेवढंच बघितलं असतं.

मालक घरी येऊन भिंतीपलीकडं ऐकू जाईल असं बोलत होते, "आपली लक्तरं परदेशात वाळत घातली हिनं."

भिंतीपलीकडून मालन म्हणाली, "लक्तरं कुठली दादा, चांगल्या शाली हायत की."

मालक उठून बाहेर गेले. मी मात्र पदर तोंडाला लावून हसले, ते त्यांना दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरपंचांनी माझ्याकडं एक कागद दिला. मालनची सही आणायची, ती झाली की पेपरात द्यायचा. पुरुषमाणूस गेला तर दबाव टाकला असं दिसेल, म्हणून मला पाठवलं. मीही गेले. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा वाटत होतं की तिनं सही करावी आणि विषय मिटावा. पडद्यावर आठवलं नाही ते उद्या दुसऱ्या कुणापुढं आठवलं तर, ही भीती होतीच.

मालन तांदूळ निवडत होती. म्हणाली, "करते सही. तुमी म्हणताय तर करते. पर आधी वाचून दाखवा."

मी चौथी शिकलेली, अक्षर लावून लावून वाचते. मला फसवून बोलायला लावले, इथपर्यंत वाचलं. पुढं होतं, आमच्या गावात विधवा स्त्रियांना सर्व कार्यात मानाने बोलावले जाते. 'मानाने' पर्यंत आले आणि थांबले.

"फुडं?"

"लागत न्हाई अक्षर."

"आवं आक्का, छापील हाय की."

मी कागदाची घडी घातली. मग मी विचारलं, हात कुणी धरला ते खरंच आठवत नाही का. तिनं मनगट पुढं केलं. पांढरी रेघ होती. "आठवतंय की. थंडीत दुखतं बी."

"मग नाव का न्हाई घेतलंस?"

"तुमचं नाव घेतलं असतं म्हंजी गाव सुटलं असतं," ती तांदळात बघत म्हणाली. "थोरली जाऊच वाईट होती म्हणून सगळी घरी जाऊन जेवली असती. तुमी एकट्या कुठं धरला होता?"

मी कागद घेऊन परत आले. सरपंचांना सांगितलं, तिला बरं नाही, नंतर बघू. ती सही देणार नाही आणि देऊही नये, असं सांगायचं धाडस मला झालं नाही. पुढं यात्रा आली, मग निवडणूक आली, कागद मागं पडला. मालनची पहिल्या रांगेतली खुर्ची मात्र गेली. शाल घरपोच यायला लागली.

गेल्या वर्षाच्या आदल्या वर्षी आमचे मालक गेले. सासूबाई नव्हत्या, तेव्हा सगळ्या बायका मालनकडं बघायला लागल्या. ती येऊन माझ्यासमोर बसली, माझं मनगट हातात घेतलं. मी हात ढिला सोडला. म्हटलं, कर, तुझा हक्क आहे. तिनं बांगड्या एकदा गोल फिरवल्या आणि मागं वळून म्हणाली, "पाणी तापवा गं, आक्काला अंघोळ घालायची हाय. ह्या राहू द्यात." कोपऱ्यातून कुणी तरी पुटपुटलं, सिनेमातली बाई. पण उठून पुढं कोणी आलं नाही. लिहिताना आत्ता त्या बांगड्या कागदाला लागतायत.

मालन गेली ती मार्गशीर्षात. सव्वीस जानेवारीला तिच्या जागी शाल घ्यायला मला बोलावलं. पहिल्या रांगेत खुर्ची, खुर्चीवर तिचा हार घातलेला फोटो. सरपंच भाषणात म्हणाले, वीरपत्नी मालनताईंनी सिनेमाच्या माध्यमातून आपल्या गावाचं नाव सातासमुद्रापार नेलं. मी फोटोकडं बघितलं. ती हसली असती, खळखळून.

शाल घेऊन मी घरी न जाता तिच्या गोठ्यात गेले. गोठा रस्त्याला लागून आहे, झेंडावंदन आटोपून गाव त्याच वाटेनं परत येत होतं. रेडकू दोन-अडीच महिन्यांचं, गारठ्यानं कातडं थरथरत होतं. मी घडी मोडली, शाल त्याच्या पाठीवर घातली आणि पोटाखालून दोरी घेतली.

सरपंच थांबले. "आवं आजी, आत्ताच दिलीय ती. काय करताय ह्ये?"

"मालन असंच करायची," मी म्हटलं आणि गाठ मारली. "अन् तिच्या बांगड्या फोडल्या तवा हात मी धरला होता. ते बी सांगते सगळं, या, बसा."

ते बसले नाहीत, घाई असल्यासारखे पुढं गेले. मागून येणाऱ्या दोघी बायका मात्र थांबल्या. एकीनं गोठ्यातला मालनचा पाट ओढून घेतला.