शेळके सरांचं न संपलेलं बाथरूम

शेळके सर आज पहाटे गेले, आणि ग्रुपवर लगेच 'आरआयपी' सुरू झालं.

ज्यांनी त्यांच्याकडे नववी केली, त्यांनी तरी मराठीत लिहा रे. दोनच ओळी लिहा, पण स्वतःच्या लिहा.

मी लिहिते. बोरीहून, सरांच्या गावाहून, त्यांचा अंत्यविधी उरकून आलेय, दमलेय, पण लिहिते.

ज्यांना सर माहीत नाहीत त्यांच्यासाठी : पठारावरच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. मी शेजारच्या वर्गात शिकवायचे. ते रिटायर झाल्यावर नववीचं विज्ञान माझ्याकडे आलं.

आमची लॅब म्हणजे एक कुलूपबंद कपाट. आतलं काचेचं सामान साहेब लोक आले की दाखवायचं.
पोरांनी हात लावला तर फुटेल. फुटलं तर सही कोण करणार?

सरांनी त्या कपाटाचा नादच सोडला. आळेफाट्याला कांतीशेठच्या हार्डवेअरच्या दुकानात जायचे आणि नळाचं सामान घेऊन यायचे. पाइप वळवायचे कोपर, टी, एंड कॅप, वायसर. पीव्हीसी पाइपाचे स्टँड व्हायचे. गवंड्याच्या लेव्हल पाइपात रंगीत पाणी भरलं की हवेचा दाब मोजायचं यंत्र तयार.

आणि पंप.

त्या पंपावर सरांचा फार जीव. पाइपात दट्ट्या, आणि हवा एकाच बाजूला जाऊ देणारे दोन व्हॉल्व्ह. लोणच्याच्या काचेच्या बरणीत मोबाइल वाजत ठेवायचा, झाकणाला पंप जोडायचा आणि पोरांनी ओढायचं. हवा निघेल तसा आवाज बारीक होत जायचा. शेवटी स्क्रीनवर नाव दिसतंय, पण रिंग ऐकूच येत नाही.

निर्वातातून ध्वनी जात नाही, हे वाक्य आमच्या पोरांना पाठ करावं लागलं नाही. त्यांचे दंड दुखलेले असायचे.

सरांचं म्हणणं एकच. नववीतल्या प्रत्येक पोराचा हात त्या पंपाला लागला पाहिजे. मोडला तर मोडला, कोपर बदलू.

इकडे कांतीशेठची भलतीच समजूत. घराणं मूळचं मारवाडचं, पण शेठचं मराठी आमच्यापेक्षा रांगडं. त्यांना वाटायचं, गुरुजी घरी बाथरूम बांधतायत. वर्षानुवर्षं. आज एक कोपर, उद्या दोन कॅप.

एकदा शेठना राहवलं नाही.
"गुर्जी, राग मानू नका, पण प्लंबर बदला. लई वर्सं झाली राव, तुमचं बाथरूम काय व्हत न्हाई."

"चाललंय शेठ, हळूहळू," सर म्हणाले. समजावून सांगायचा त्यांना कंटाळा.

पुढे शेठ नातीला घेऊन विज्ञान प्रदर्शनाला आले. आपल्या दुकानातलं बाथरूम टेबलावर मांडलेलं पाहिलं आणि हसून हसून खालीच बसले. मग पंप ओढायला पोरांच्या रांगेत उभे राहिले.

सर रिटायर झाले, त्यानंतरच्या उन्हाळ्यात शाळेची पाण्याची लाइन फुटली. सुट्टी होती, मी पुण्याला लेकीकडे. प्लंबर म्हणून आला दत्ता, सरांचाच विद्यार्थी, पण पंप बनण्याच्या आधीच्या बॅचचा. मुख्याध्यापकांनी त्याला सरांच्या सामानाचा रॅक दाखवला. जुनं सामान पडलंय, वापर म्हणाले.

दत्ताने वापरलं. त्याला ते नळाचं सामान दिसलं, आणि होतंही ते नळाचंच सामान. स्टँडचे कोपर लाइनला गेले. पंपाचे दोन्ही व्हॉल्व्ह टाकीखाली बसले.

जूनमध्ये सर मुद्दाम नव्या नववीला पंप दाखवायला आले, तर रॅक रिकामा. दत्ताला बोलावलं. तो मान खाली घालून टाकीपाशी उभा. सरांनी पाइपावर हात ठेवला.

"पाणी येतंय ना?"
"येतंय, सर."
"मग ऱ्हाऊ दे. पोरं पित्यात. काढू नको."

मला राग आला. अजून आहे. माणसाची सगळी हयात टाकीखाली गाडली आणि हे म्हणतात राहू दे. सरांना एसटी स्टँडवर सोडायला जाताना मी तसं बोललेही.

सर म्हणाले, "मॅडम, पंप मी केला व्हता. पोरांनी नुसता ओढला. त्यांनी केला असता तर त्यांनी कुणाला हात लावू दिला नसता."

दिवाळीनंतर येतो म्हणाले. आपण पंप पोरांकडून करून घेऊ.
दिवाळीत आजारी पडले. ते आजपर्यंत.

आज स्मशानात दत्ता माझ्याजवळ आला. म्हणाला, "मॅडम, टाकीचे व्हॉल्व्ह काढून देऊ का?"
मी नको म्हटलं. उद्या करवत आणि नवं सामान घेऊन ये म्हटलं.

उद्या शाळेला दुखवट्याची सुट्टी आहे. नववीला नाही. नववीने यायचं आहे. मुख्याध्यापकांना मी तोंडावर सांगितलंय.

पाइप पोरं कापतील. दत्ता आणि मी हात लावणार नाही. तिरके कापतील, सांध्यातून हवा गळेल, बरणीतला मोबाइल खुशाल वाजत राहील. परवा पुन्हा कापतील. माझ्यात आता पूर्वीसारखा जोर नाही, पण बसून राहायला कितीसा जोर लागतो.

सर, मोठे शब्द आज सुचत नाहीत. मनापासून नमस्कार.

निघालेल्या माणसाला आपल्याकडे 'जा' म्हणत नाहीत.

या, सर.