पाठमोरी राजश्रीताई

ती बांगड्या काढून रुमालात गुंडाळायची, मग विंगेत शिरायची. चपला बाहेरच. तोंडात खडीसाखर, कारण प्रयोगात खोकला येऊन चालत नाही. रिक्षातून उतरली की मागची सीट हाताने चाचपून बघायची, आपलं काही नसलं तरी. कुणी सांगताना शब्दाला अडलं की त्याच्याआधी तिचे ओठ हलायचे. भाजीवाला असो, डॉक्टर असो. चहाचा बशीतला पहिला घोट दुसऱ्याला द्यायची आणि मग म्हणायची, "साखर कमी झाली काय गो?"

राजश्रीताई गेली. हे वाक्य मी लिहू शकते, पण अजून मोठ्याने म्हणता येत नाही.

ती मांडवीत राहायची. नवरा रघूभाऊजी बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. सासू मथुराकाकी घरात. सकाळी ताई एका दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायची. संध्याकाळी आमच्या हौशी नाट्यमंडळात प्रॉम्प्टिंग करायची. नट अडला की त्याला विंगेतून पुढचा शब्द द्यायचा, एवढंच काम. तीस वर्षं तिने ते केलं. तिचा आवाज आम्हा नटांनाच ठाऊक होता. तिचं तोंड प्रेक्षकांनी कधी पाहिलं नाही.

मी एमए मराठी करून मंडळात आले. पहिल्याच स्पर्धेत दुसऱ्या अंकात माझं डोकं रिकामं झालं. समोर भरलेलं सभागृह. ताईने घाई केली नाही. मला आधी श्वास घेऊ दिला, मग एकच शब्द दिला. परीक्षकांनी नंतर माझ्या त्या विरामाचं कौतुक केलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती चपला शोधत होती. तिने हे कुणालाही सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मुंबईहून एक टीव्हीवाले आले. टेलिफिल्म करायची होती. जहाजाच्या प्रशिक्षण संस्थेतले दोन शिकाऊ उमेदवार, एक मुलगा, एक मुलगी. परीक्षेत पहिला येईल त्यालाच नोकरी. दोघं भांडतात, मग प्रेमात पडतात. वसतिगृहाच्या बाईंची भूमिका स्थानिक माणसाला द्यायची ठरली. मंडळाने ताईचं नाव दिलं.

ती इतकी आनंदलेली मी कधी पाहिली नव्हती. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला तिने सांगितलं, सुजलेल्या गालांनाही. दाभोळच्या भावाला फोन केला. "एकदा तोंड दिसू दे माझं माणसांना," मला म्हणाली. "मग परत आत जाईन."

शूटिंग जेवणघरात होतं. मीही बघायला गेले होते. मुलगा विचारतो, "तू हरलीस तर?" मुलगी खाली बघते. थांबते. आणि तिच्यामागे वाढपाचा चमचा धरून उभी असलेली ताई हळूच म्हणाली, "हरायला आधी..."

"कट!"

पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्यांदाही ताईने शब्द दिला. तिसऱ्यांदा तिने ओठ घट्ट मिटले, तरी ते हललेच. दिग्दर्शकाने कपाळ पुसलं.

"बाई, तुम्ही जरा भिंतीकडे तोंड करा."

आम्ही रिक्षाने घरी निघालो. मांडवीच्या वळणावर ती म्हणाली, "तालमीच नाही झाल्या गो. विराम कुठचा नि विसर कुठचा, ते तालमीत कळतं. ती पोरगी मी आजच बघितली."

प्रक्षेपणाच्या संध्याकाळी मंडळाच्या खोलीत मांडवीची निम्मी वस्ती आली. पहिल्या खुर्चीत मथुराकाकी. चित्रपट वाईट होता. नायिकेने धक्क्यावर होडीच्या दोराला सैल गाठ मारली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "ही होडी सकाळी दाभोळात मिळेल हां!" शेवटी ती मुलगी परीक्षेत मुद्दाम उत्तर चुकवते, नोकरी त्याला मिळते, आणि दोघं समुद्राकडे धावतात. "मग एवढं शिकली कशाला?" एका बाईने विचारलं.

त्याआधी मध्ये जेवणघर आलं.

"सून कुठे गो?" मथुराकाकींनी विचारलं.

"ती काय, भिंतीकडे."

"पाठ होय? पाठ तर मी रोज बघत्येय, गॅससमोर!"

खोली हसली. ताईही हसली. तिचं एक वाक्य होतं, "दिवे मालवा आता." तेही दुसऱ्या कुणाच्या आवाजात आलं.

नंतर ती कप विसळत होती. मी शेजारी उभी राहिले. "दिसलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

आमचा दिग्दर्शक ओमकार दारात होता. त्याने ऐकलं असणार. महिन्याभराने नवं नाटक काढलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, यंदा मुख्य भूमिका तुझी."

"मेल्या, मस्करी करतोस?"

"नाही."

"मग आत कोण?"

"योगिनी," माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला.

तालमी सुरू झाल्या. आधी ती सगळ्यांचेच संवाद पुटपुटायची. ओमकार डोकं धरून बसायचा. "ताई, त्याचं त्याला म्हणू दे!" मी विंगेतून तिच्याकडे बघत राहायचे. ती कुठे थांबते, कुठे अडते, हे मला शिकावं लागलं. तिनेच शिकवलं. "मी डोळे मिटले तर विराम," ती म्हणाली. "वर बघितलं तर शब्द दे."

देवदिवाळीला देवळाच्या सभामंडपात पहिले दोन अंक करून दाखवले. ती उजेडात आली. लोकांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिनेही लोकांकडे. एकदाच वर बघितलं. मी शब्द दिला. मथुराकाकी पुढेच बसल्या होत्या. "माझी सून हो," शेजारणीला सांगत होत्या, तिला ठाऊक असूनही.

त्या रात्री घरी येऊन मी रडले, आनंदाने. माझ्या पदवीत दुसऱ्याला शब्द द्यायला शिकवलेलं नव्हतं, आणि तिने मला ते करायला दिलं होतं.

तिसरा अंक जानेवारीच्या स्पर्धेसाठी बसवायचा होता. डिसेंबरात एका मंगळवारी दवाखान्यात ती पेशंटला हाक मारायला उठली आणि खाली बसली. हृदय, असं डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या अंकात तिचं एक मोठं भाषण आहे. मुलांना उद्देशून. त्याचा पहिला निम्मा भाग आम्ही तिच्या ओट्यावर बसून पाठ केला होता. उरलेला रविवारी घ्यायचा ठरला होता.