चिंचेने घासलेली बाई

भरदुपारी आमच्या ब्लॉकमध्ये असा ओरडा मी कधी ऐकला नव्हता. हातातलं लाटणं तसंच घेऊन मी वरच्या मजल्यावर हेमचंद्रकडे पळाले.

हेमचंद्र बोटीवर इंजिनिअर. बाकीचे परदेशातून परफ्यूम आणतात, हा लिस्बन, अँटवर्पच्या जुन्या बाजारांतून तळहाताएवढी चित्रं आणायचा. दोनेकशे वर्षांपूर्वीची युरोपातली माणसं, हस्तिदंताच्या पातळ चकतीवर जलरंगात काढलेली, वर काच, भोवती सोनेरी चौकट. त्या काळी दर्यावर निघालेला नवरा बायकोचं असं चित्र खिशात ठेवायचा, आणि चित्रामागे तिच्या केसांची बट. "भिंतीवरचं चित्र सगळ्यांचं असतं वहिनी, हे एकाच माणसाचं," असं म्हणायचा. संग्राहक मंडळी इथे बेडोकला, आमच्या ब्लॉकमधल्या त्याच्या फ्लॅटवर आली की तासन् तास याचं तोंड बंद नाही!

बायको गेली, सुलेखा, तेव्हा हा भर समुद्रात. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिची फणी मी जपून ठेवली होती. त्या फणीतले केस त्याने निळ्या झग्यातल्या एका बाईच्या चित्रामागे, बटेच्या रिकाम्या जागेत बसवले. सुलेखाचं म्हणून त्याच्यापाशी तेवढंच उरलं होतं. हे मला माहीत होतं. त्याच्या आईला नव्हतं.

आई म्हणजे मीराबाई. साताऱ्याहून मुलाकडे राहायला आल्या त्या घरचे टाक बरोबर घेऊनच. चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव, आणि त्यांच्यातच घरातली गेलेली माणसं, चेहरा कुणाचाच ओळखू न येणारी. नवरात्र तोंडावर आलेलं, म्हणून त्यांनी देव घासायला काढले. टेबलावरची सोनेरी चौकटीतली बाई बघून त्यांना वाटलं, पोराने सवाष्ण गेलेल्या सुनेचा टाक करून घेतला आणि वेंधळ्यासारखा देव्हाऱ्याबाहेर ठेवला.

मी पोचले तेव्हा ती चौकट देव्हाऱ्यात होती. काच उचकटून काढलेली. चिंचेने घासून सोनं लख्ख झालेलं, पण बाई गायब. ना चेहरा, ना झगा. कोरी पांढरी चकती आणि तिच्यावर कुंकवाचं बोट.

हेमचंद्र चित्राकडे बघतही नव्हता.

"आई, मागचे केस कुठायत?"

"शी! देवात केस ठेवतात होय? कचऱ्याच्या चूटमध्ये टाकले सकाळीच."

"सुलेखाचे होते गं ते!"

मीराबाई देव्हाऱ्यासमोर खाली बसल्या. तो जिना उतरून कचऱ्याच्या डब्याकडे धावला. गाडी केव्हाच येऊन गेली होती. रिकाम्या हातांनी परत आला आणि दारातच उभा राहिला.

मला त्याचा संतापच आला. कोण कुठल्या परक्या माणसांना एवढं रंगवून सांगणारा हा, आईला काय कळणार म्हणून तिला एक शब्द बोलला नव्हता.

मीराबाईंनी देव्हाऱ्यातली ती कोरी चकती उचलून पदरात धरली.

"तू तिला बाहेर ठेवली होतीस हेमू," त्या म्हणाल्या. "म्हणून मी तिला घरात घेतली रे."