पहिल्या पाळण्यातला साक्षीदार

सत्तरीला टेकलेल्या माणसाला सगळी वस्ती 'धाकटे' म्हणते हे ऐकून नवखा माणूस हसतो. पण ते नाव त्यांनी घाम गाळून मिळवलेलं होतं. शहराला पिण्याचं पाणी आणणारा बोगदा खणत होते, तेव्हा टोळीत सगळ्यांत लहान तेच. मिसरूडसुद्धा धड फुटलेलं नव्हतं. पुढे टोळी पांगली, बोगदा भरून वाहू लागला, डोक्यावरचे केस गेले, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

दोन गोष्टींत धाकट्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एक म्हणजे रविवारी चर्चमध्ये उभं राहून शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलातल्या येशूच्या कथेचा, उतारा वाचणं. आवाज असा, की मागच्या बाकावर पेंगणारा शिंपीसुद्धा सावरून बसे. आणि दुसरी, मुकादमाची गोष्ट.

ती गोष्ट अशी. काम चालू असताना एके दिवशी खडक फुटला आणि बोगद्यात पाणी घुसलं. वर जायला वाट एकच, एक खोल उभी विहीर, आणि तिच्यात तारेच्या दोराने वरखाली होणारा लोखंडी पाळणा. त्यात माणसं मावत थोडी. मुकादमाने बोगद्याचं लोखंडी दार ढकलून लावलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिला; तो हटला असता तर दार उघडून पाणी सगळ्यांवर आलं असतं. पाळण्याच्या खेपा होत राहिल्या, तो जागचा हलला नाही. शेवटची खेप निघाली तेव्हा फटींतून आलेलं पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. खालून तो ओरडला, "घाबरू नको रे, पाणी आपलंच आहे!" टोळी वाचली. मुकादम राहिला.

दरवर्षी त्या दिवशी वाचलेली माणसं विहिरीच्या तोंडाशी जमत, चहा घेत आणि धाकटे गोष्ट सांगत. मुकादमाच्या वाक्यापाशी ते छातीवर हात ठेवत आणि म्हणत, "या कानांनी ऐकलंय!" बाकीचे माना डोलावत, कारण आपापल्या घरी तेही असंच म्हणत. मग एकेक जण कमी होत गेला. गेल्या महिन्यात मौनी गेला आणि धाकटे एकटे उरले. मौनी म्हणजे टोळीतला सुरुंगवाला. बोलताना जीभ अडखळे, म्हणून तो तोंडच उघडत नसे.

एकटे उरले म्हणूनच नात सुट्टीत आली होती. आजोबांची गोष्ट त्यांच्याच आवाजात टिपून ठेवायची, असं तिने ठरवलं होतं. तिचा अभ्यासाचा विषयही तसाच होता, शुभवर्तमानं कधी लिहिली गेली, कुठे, कुणी. धाकट्यांना त्याचा केवढा अभिमान! "आमची नात देवाच्या पुस्तकाचा जन्मदाखला शोधते," असं ते न्हाव्यापासून चर्चच्या पाळकांपर्यंत सगळ्यांना सांगत.

पण दाखला शोधायचा म्हटला की जे निघेल ते बघावं लागतं. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून धाकटे रविवारचा उतारा घोळवत होते. मध्येच त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "हा शुभवर्तमान लिहिणारा तुझा मार्क येशूच्या वेळी तिथे होता का गं?"

"बहुतेक नव्हता, आजोबा. अभ्यासकांना वाटतं, ते पुस्तक येशूनंतर चाळीसेक वर्षांनी लिहिलं गेलं. तेही ग्रीकमध्ये, आणि येशू तर बोलायचा अरामी. वर मार्कचं नावसुद्धा मागाहून लागलं असावं."

"चाळीस वर्षं! आणि तोवर काय करत होते सगळे?"

"सांगत होते."

"आणि बाकीचे तिघं?"

"मत्तय आणि लूक यांच्यापुढे मार्कचं पुस्तक होतं, असं बहुतेकांचं मत आहे. योहानाचं त्याहून उशिराचं. नक्की साल कुणालाच सांगता येत नाही."

इथवर धाकटे कसेबसे तग धरून होते. पण रविवारचा उतारा होता बागेतल्या प्रार्थनेचा. शिपायांनी धरून नेण्याआधी येशू थोडा पुढे जाऊन एकटाच प्रार्थना करतो आणि बरोबर आणलेले तिघं शिष्य झोपी जातात, तो. नातीने पुस्तकात डोकावलं आणि सहज म्हणाली, "हा उतारा आम्हाला वर्गात अभ्यासाला होता. तिघंही झोपले होते. प्रार्थना संपते न संपते तोच त्याला धरून नेलं. मग ती प्रार्थना ऐकली कुणी?"

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण म्हाताऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली. आयुष्यभर हा उतारा वाचला, दर वेळी घसा दाटून आला, आणि एवढा साधा प्रश्न कधी डोक्यात आला नाही! त्यांनी पुस्तक मिटलं.

"पाळकांना कळव. रविवारी दुसरं कुणीतरी वाचेल."

"आजोबा, मी काय वाचू नका म्हटलं?"

"तू नाही म्हटलंस. माझ्याच्याने होणार नाही. कान आणि डोळा यांत चार बोटांचं अंतर म्हणतात. इथे तर कानही झोपलेले! कुणी न ऐकलेलं मी लोकांपुढे छाती पुढे काढून वाचू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी नातीने घाबरत घाबरत फोन टेबलावर ठेवला. मुकादमाची गोष्ट टिपायची राहिली होती. धाकट्यांनाही हायसं वाटलं. निदान ही गोष्ट तरी आपल्या कानांची! घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली आणि सवयीने थेट शेवटच्या वाक्यापाशी येऊन छातीवर हात ठेवला.

नात म्हणाली, "क्रमाने सांगा ना. पाळण्यात आधी कोण चढलं?"

"आधी? आधी मीच की! मुकादमाने मानगूट धरून आत कोंबलं मला. म्हणाला, धाकटा आधी."

बोलून गेले आणि छातीवरचा हात खाली आला. फोन आपला टिपतच होता.

पहिल्या खेपेत वर आलेला पोरगा शेवटच्या खेपेतलं वाक्य ऐकणार कसं?

"मी वर होतो," धाकटे म्हणाले. "घोंगडी पांघरून थरथरत बसलो होतो. मी नाही ऐकलं, बाळा. शप्पथ, मला वाटत होतं की ऐकलंय. त्याचा आवाज येतो गं मला!"

"मग ऐकलं कुणी?"

ते डोळे मिटून बसले. शेवटच्या खेपेत होता एकटा मौनी. दवाखान्यात नेल्यावर पाळण्याचं यंत्र चालवणारा त्याच्या खाटेशी बसला होता. थोड्या वेळाने तो यंत्रवाला रडत व्हरांड्यात आला आणि मौनीकडून ऐकलेलं ते वाक्य त्याने सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून ते सगळ्यांचं झालं.

मग धाकट्यांना आणखी एक आठवलं. दरवर्षी चहाला मौनी मूग गिळून कोपऱ्यात बसे. ते वाक्य आलं की डोळे मिटून एकदाच मान हलवी. धाकट्यांना वाटे, गड्याला डुलकी लागली. एका वर्षी यंत्रवाल्याने तिखटमीठ लावलं, "पाणी आपलंच आहे, देवाचं आहे!" तेव्हा मौनीने हात वर केला. "नाही," म्हणाला. इतक्या वर्षांत चारचौघांत तेवढा एकच शब्द बोलला.

"तपासत होता गं तो," धाकटे म्हणाले. "मी गोष्ट सांगायचो आणि खरा साक्षीदार समोर बसून दरवर्षी तपासायचा. मला पत्ताच नव्हता."

"पण ते स्वतः का नाही सांगायचे? अडखळायचे म्हणून?"

"आम्हीही तेच समजलो. तसं नसणार." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "तो मुकादमाला खाली ठेवून आला होता, बाळा. ते वाक्य सांगायचं म्हणजे तेही सांगायचं. माणसाचं तोंड कसं उघडेल?"

नातीने त्यांचा हात धरला. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

"त्या बागेतही," धाकटे हळूच म्हणाले, "तिघांतला एखादा जागा असेल. डोळे मिटून पडला असेल, आणि उठून जवळ गेला नसेल. मग लाजेने गप्प राहिला असेल. आणि कधीतरी, कुणालातरी, एकदाच..."

"तसं झालं असेलच असं नाही, आजोबा. कुणालाच माहीत नाही."

"मलाही नाही माहीत," धाकटे म्हणाले. "पण पाळकांना कळव, मी वाचतोय."

रविवारी ते उभे राहिले. आवाज नेहमीसारखा खणखणीत लागला नाही. शिंपी तरीही सावरून बसला. तिघं झोपल्याचं वाचून झालं, बागेतली प्रार्थना आली, आणि ती त्यांनी अगदी सावकाश, शब्द सांडू नये अशा बेताने वाचली. मग थांबले. पुस्तकावरून मान वर करून पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत पाहिलं, कुणी हात वर करतंय का ते. कुणी केला नाही. तेव्हा ते पुढे वाचू लागले.