आधी तिचा अंगठा

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हा दर हिवाळ्यात बार्शीटाकळीच्या बाजारात एक गोंदणारी बाई बसायची. नाव तिला कुणी विचारलं नाही. तिच्या डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं पिवळं होतं. प्रत्येक पोरीआधी ती दोऱ्यानं बांधलेल्या सुया स्वतःच्या अंगठ्यात टोचायची, रक्ताचा थेंब पदराला पुसायची आणि म्हणायची, "बोथट सुई पोरीले कायले टोचू? आधी मले दुखू दे."

"लय मायाळू बाई हाय," बाया म्हणायच्या.

माझ्या ताईनं तिच्याकडून मनगटावर तुळस गोंदवली. होळीच्या सुमारास ताईचे डोळे पिवळे झाले. आईनं तिच्या गळ्यात काविळीची माळ घातली, तापल्या सळईचा डाग दिला. ताई गेली. सगळ्यांनी विहिरीच्या पाण्याला दोष दिला. एक कावीळ रक्ताची असते, ती सुईतून दुसऱ्याच्या अंगात शिरते, म्हणून प्रत्येकाला वेगळी सुई हवी, हे मला डॉक्टरांनी आत्ता म्हातारपणी सांगितलं.

पण तेव्हा, पुढच्याच हिवाळ्यात, आईनं माझा हात त्या बाईपुढे धरला. "हिच्या हातावर बी तशीच तुळस काढ वं बाई. पोरीची आठवन राहीन."

बाईनं आधी स्वतःचा अंगठा टोचला.

डॉक्टरांकडून आल्यापासून रोज सकाळी तोंड धुण्याआधी मी आरशात डोळे बघते.