टोमॅटोच्या क्रेटमधली दोन पिल्लं

मी पोचलो तेव्हा बिबट्याचं पिल्लू वन समितीच्या अध्यक्षांच्या मांडीवर होतं आणि फोटोग्राफर त्यांना सांगत होता, "अण्णा, जरा हसा की."

अण्णा हसले. फ्लॅश पडला. पिल्लाने डोळे मिटून घेतले. दुसरं पिल्लू शेजारी टोमॅटोच्या क्रेटमध्ये, पोत्यावर पडलं होतं. भोवती शे-दीडशे माणसं. ऊस निम्मा तुटलेला, निम्मा उभा. आणि त्या उभ्या उसात कुठेतरी पिल्लांची आई.

मी तेव्हा वनपाल होतो. वनपाल म्हणजे काही गार्ड हाताखाली असलेला, वरच्यांच्या शिव्या आणि गावकऱ्यांचा चहा दोन्ही सारख्याच मुकाट्याने घेणारा वनखात्याचा माणूस. गाव पिंपरी पेंढारच्या अलीकडचं. त्या वर्षांत जुन्नर-आंबेगावात बिबटे उसातच नांदायचे. ऊसतोड सुरू झाली की सरीत पिल्लं सापडायची. अशा वेळी करायचं ते सोपं आहे. पिल्लं जिथे सापडली तिथेच ठेवायची आणि माणसं हटवायची. अंधार पडला की मादी येते आणि एकेक उचलून नेते. माणसं हटली नाहीत तर ती येत नाही, पण लांबही जात नाही. पिल्लं शोधत तिथेच घिरट्या घालते, आणि तेव्हा तिच्या वाटेत कोण येईल ते सांगता येत नाही.

त्या शेताच्या बांधालाच ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या. कोपी म्हणजे पाचटाची खोपटी, तिला दार नसतं. तिथली शांताबाई, बीडकडची, कडेवर पोर घेऊन माझ्यापाशी आली.

"साहेब, ही गर्दी कवा जायाची? रातच्याला आमीच हितं असतो."

"पोरांना घेऊन आज शाळेत झोपायला जाता का?"

"आन् बैल? बैल कुनावर सोडू?"

तिच्या पोराकडे बघून मला खरंच भीती वाटली.

एवढी गर्दी जमवली होती ती समितीने. आमच्या खात्याची गावोगाव वन समिती असते. जंगल राखायला गावाने आम्हाला मदत करायची, अशी कल्पना. या गावात समितीवरच्या प्रत्येकाचा एकेक वार्ताहर ठरलेला होता. वाढदिवसाची जाहिरात ज्याच्याकडून छापायची, बातमीही त्यालाच द्यायची. पिल्लं सापडल्यावर मला निरोप धाडायच्या आधी सगळे स्टँडवरच्या एसटीडी बूथवर धावले होते. अण्णांनी कळवलं, "समितीने दोन पिल्लं पकडली." दामूभाऊंनी कळवलं, "पिल्लं चार, मादी चवताळली, माणसावर येतीय." तिसऱ्या सदस्याने पिल्लं पुण्याला धाडण्याचा कार्यक्रमच जाहीर करून टाकला. दामूभाऊंच्या बातमीमुळे शेजारच्या गावांतली पोरं काठ्या घेऊन आली होती.

मी रेंजर साहेबांना फोन लावला.

"पिल्लं जागेवर ठेवा, माणसं काढा," साहेब म्हणाले.

"साहेब, पेपरवाले आलेत. पुण्याहून चॅनेलवालेही निघालेत."

"ते तुमचं तुम्ही बघा." फोन बंद. वरिष्ठांचं मार्गदर्शन नेहमीच असं थोडक्यात असतं.

मी अण्णांच्या मांडीवरून पिल्लू उचललं, क्रेटमध्ये ठेवलं आणि त्यांना बाजूला घेतलं. अण्णा साठीचे, बागायतदार, मनाने मोकळे. गावात कुणाचं काहीही असो, पुढे तेच. तापट मात्र लई.

"अण्णा, ही माणसं हटवा. मादी आसपासच आहे."

"साहेब, पावणं बोलावून बसलोय. पुन्यावरनं गाडी निघालीया. त्यांना काय रिकामं धाडू? गावाची काय इज्जत ऱ्हाईल?"

आता या माणसाला वन्यजीव कायदा ऐकवून उपयोग नव्हता. पिल्लू मांडीवर घेणं हाही गुन्हाच, ते सांगितलं असतं तर अण्णा बिथरले असते. त्यांची खरी अडचण वेगळी होती. दारात आलेला पाहुणा उपाशी परत पाठवायचा नाही, मग तो जेवायला आलेला असो की बातमीला. मला एकदम सुचलं.

"रिकामं कशाला धाडता? मारुतीच्या देवळात बसवा. चहा-पोहे करा. पत्रकार परिषद घ्या."

"पत्रकार परिषद?" अण्णांनी टोपी सारखी केली. "म्हंजी खुर्च्या मांडून?"

"खुर्च्या मांडून. माईक लावून."

देऊळ शेतापासून चांगलं लांब होतं. माझा हिशेब साधा होता. माणसं पिल्लं बघायला आली होती हे खरं, पण कॅमेरा जिकडे जाईल तिकडे माणसं जातात.

दामूभाऊ मध्ये पडले. "पिल्लं पयल्यांदा म्या बघितली. बोलनार म्या."

"दामूभाऊ, बोलायला कुणीही बोलेल. पण या वाटेवर उभं राहून माणसं अडवायला खमक्या गडी पाहिजे. चॅनेलवाल्यांना पण सोडायचं नाही. जमेल?"

"न जमायला काय झालं?" दामूभाऊंनी काठीवाल्या पोरांवर पहिला आवाज टाकला. "ए, व्हा मागं! समितीचा बंदोबस्त हाय हितं!" सकाळपासून त्या पोरांना बोलावणारे तेच, आणि हाकलायलाही तेच. शिवाय मी त्यांना त्यांच्या वार्ताहराला गाठून एवढं सांगायला लावलं की पिल्लं दोनच आहेत आणि मादीने कुणाला काही केलेलं नाही.

अण्णा घरी जाऊन इस्त्रीचे कपडे घालून आले. देवळामागे मी त्यांना तयार केलं.

"आपल्याला जे माहीत आहे तेवढंच सांगायचं. दोन पिल्लं सापडली, दोन्ही ठीक आहेत, कुणाला इजा नाही. शेत कुणाचं ते सांगायचं नाही. लोकांनी तिकडे जाऊ नये एवढी विनंती करायची. आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं."

"अध्यक्षानं म्हाईत न्हाई म्हनायचं? बरं दिसंल का ते?"

"चुकीचं छापून आल्यापेक्षा बरं दिसेल."

"आन् दुसऱ्या कुनी विचारलं तर?"

"समितीतल्या सगळ्यांचं एकच उत्तर. अण्णा सांगतील."

हे मात्र अण्णांना मनापासून पटलं.

देऊळ भरलं. पोह्यांच्या बशा फिरल्या. अण्णा माईकसमोर पहिल्यांदा अडखळले, मग सांगितलं तेवढं बरोबर बोलले. एका पत्रकाराने विचारलं, "मादी परत येईल का?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काहीतरी भारी बोलायचं होतं हे मला कळत होतं. मी मान खाली घातली.

"म्हाईत न्हाई," अण्णा म्हणाले. "यावी आसं वाटतंय. लेकरं हाईत तिची."

चॅनेलच्या बाई म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण आम्हाला पिल्लांचा शॉट पाहिजे. दोन मिनिटं शेतात जाऊ द्या."

हे मी शिकवलेलं नव्हतं.

"बाई," अण्णा म्हणाले, "तुमच्या घरी बाळंतीण आसती, तर तिच्या खोलीत आमाला कॅमेरा घिऊन येऊ दिलं आसतं का?"

बाईंनी स्वतःच कॅमेरामनला कॅमेरा आवरायची खूण केली. मग अण्णांनी सगळ्यांना दिवेलागणीपर्यंत घरी जेवायलाच बसवून ठेवलं. त्यांच्या घरच्या बायकांनी त्या दिवशी किती भाकऱ्या थापल्या ते कुठल्याच बातमीत आलं नाही, पण खरं काम त्यांनी केलं.

इकडे शेत रिकामं झालं होतं. गार्डने पिल्लांसकट क्रेट, ती सापडली त्याच सरीत आडवा करून ठेवला. शांताबाईने कोपीपुढे जाळ केला आणि पोरांना दोन बैलांच्या मध्ये, गाडीखाली झोपवलं. शाळेत ती गेली नाहीच. तिच्या कोपीपाशी आमचा गार्ड बसून राहिला.

सकाळी मी गेलो तर शांताबाई बांधावरच उभी होती.

"न्येली, साहेब. आधी कुत्री वरडली, मग बैल बुजलं. मंग समदं गप झालं."

क्रेट रिकामा होता. पोतं बाहेर ओढलेलं, आणि ओल्या सरीत मादीचे पंजे स्पष्ट उमटले होते. शांताबाईने चहा दिला, बिनदुधाचा. त्याच्याइतका गोड चहा मी नोकरीत कधी प्यायलो नाही.

त्या सकाळी फोटोग्राफर पुन्हा आला. त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पेपरात अण्णांचं 'लेकरं हाईत तिची' हे वाक्य मथळ्यात होतं, आणि खाली फोटो होता रिकाम्या क्रेटशेजारी उभ्या अण्णांचा. पिल्लू मांडीवर घेतलेला फोटो त्या फोटोग्राफरने छापला नाही. छापला असता तर मलाच अण्णांवर गुन्हा नोंदवावा लागला असता, हे त्या भल्या माणसाला न सांगता कळलं होतं.

निवृत्तीनंतर एकदा त्या वाटेने जाताना अण्णांकडे डोकावलो. रिकाम्या क्रेटचा फोटो फ्रेम करून ओटीवर लावलेला. चहा घेताना मी हळूच विचारलं, "अण्णा, त्या दुसऱ्या फोटोचं काय झालं हो? मांडीवरच्या?"

अण्णांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"कंचा फोटो? म्हाईत न्हाई."

पत्रकारांशी कसं बोलावं यावर मी आयुष्यात एकच धडा दिला. गडी तो पक्का शिकला होता.