आईंनी वळवलेलं पाणी

सुधीरने हॉटेल पाहिलं, हवामान पाहिलं, वाटेतले पेट्रोलपंपसुद्धा पाहून ठेवले. फक्त गाडी पाहायची राहिली. जबल अख्दरच्या (हिरव्या डोंगराच्या) पायथ्याच्या चौकीवर पोलिसाने आमच्या छोट्या गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि हसून मान हलवली. वर फक्त फोर-व्हील गाड्या सोडतात. मस्कतमध्ये नऊ वर्षं काढलेल्या माझ्या नवऱ्याला हे माहीत नव्हतं! मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. लग्नाला बारा वर्षं झाली की तेवढं पुरतं.

ही डिसेंबरातली सहल खरं तर आईंसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी होती. एप्रिलमध्ये सासरे गेले. गुहागरजवळच्या घरी त्या एकट्या उरल्या, म्हणून दिवाळीनंतर आम्ही त्यांना मस्कतमधल्या आमच्या माबेलाच्या फ्लॅटवर आणलं. तिथे त्यांना कशालाच हात लावू देत नव्हतो. त्या खिडकीशी बसायच्या आणि दिवसेंदिवस कमी बोलायच्या. महिनाअखेरचं परतीचं तिकीट होतं. चार दिवस त्यांना आराम द्यायचा आणि तिकीट रद्द करायला ‘हो’ म्हणवून घ्यायचं, असा सुधीरचा बेत होता. आई तिथे एकटी कशी राहील, या काळजीने त्याची झोप उडाली होती.

शेवटी पोलिसालाच आमची दया आली. त्याने फोन लावला, आणि अर्ध्या तासात आम्ही खालच्याच बिरकत अल मौझ गावात त्याच्या चुलत्यांच्या, सालिमकाकांच्या, दारात होतो. दोन स्वच्छ खोल्या, अंगणात चटई, कहवा आणि खजूर. कोण, कुठले हे विचारण्याआधी पाहुण्याला खायला घालायचं, ही इथली रीत. तरुणपणी मुंबईत ये-जा केलेल्या काकांचं हिंदी मोडकं होतं, पण मायेचं.

गावाच्या नावाचा अर्थच केळ्यांचं तळं. वर टेकडीवर जुनी पडकी मातीची घरं, खाली खजुरी, आणि खजुरींच्या सावलीत केळी. मधून फलज (डोंगरातून आणलेला पाण्याचा पाट) खळखळत जातो. आई काठावर थबकल्या. “अगो नीता, हा तर आपला पाट!” त्यांच्या तोंडून एवढं मोठं वाक्य मी कित्येक दिवसांनी ऐकत होते.

आम्ही काकांबरोबर जरा पुढे गेलो, तेवढ्यात घोटाळा झाला. बांधावरच्या एका सुकलेल्या केळीकडे पाणी जात नव्हतं. वाटेत दगडाला चिंध्या गुंडाळून बोळा ठोकला होता. आईंनी तो सरळ काढला आणि पाणी केळीकडे वळवलं. गावी त्यांची बाग पाटावर शेवटची, पुढे कुणाचं अडत नाही. इथे मात्र प्रत्येकाची पाळी ठरलेली. वाफ्यांच्या पलीकडून काकांचा शेजारी खल्फान ओरडतच आला, कारण त्याचंच पाणी तुटलं होतं.

“आई, काय केलंस हे!” सुधीर सगळ्यांदेखत कडाडला. “इथे आपलं काही नाहीये!”

आईंचा चेहरा पडला. त्यांनी खल्फानसमोर हात जोडले. मला सुधीरचा भयंकर राग आला.

सालिमकाका मात्र केळीपाशी वाकले, माती चिमटीत धरून पाहिली. “अम्मा सही बोलता. झाड प्यासा है,” ते म्हणाले. मग खल्फानच्या खांद्यावर हात ठेवला. “खलास. कल मेरे टाइममें से तेरेको पानी देगा.” आणि आईंना म्हणाले, “कल सुबह मेरा बारी. अम्मा मेरेको मदद करेगा. इन्शाल्ला.”

सकाळी उठून पाहते तो आईंचं अंथरूण रिकामं. पदर खोचून, हातात फावडं घेऊन त्या पाटावर उभ्या. आधी खल्फानचं पाणी फेडलं, मग काकांची बाग. माझी नऊ वर्षांची लेक ईरा बोळा धरून बसली होती. “आजी, नाऊ? सोडू?”

“थांब गो. मातीला पिऊ दे. हां, आता सोड!”

दुपारी गरम खुब्ज (रोटी) आणि भाजीवर त्या अशा जेवल्या की मला भरून आलं. पुढचे दोन दिवस आम्ही लोळलो, आई राबल्या, आणि टवटवीत त्याच दिसत होत्या. निघताना काकांनी केळ्यांचा अख्खा घड गाडीत ठेवला. खल्फानने लिंबं दिली.

परतीच्या वाटेवर सुधीर खुशीत होता. “आई, मग तिकीट रद्द करतो हं.”

“नको रे. मी जाते घरी.”

“एकटी? भीती नाही वाटणार?”

“वाटते ना. तिन्हीसांजेला फार वाटते,” आई म्हणाल्या. “पण सकाळ झाली की कामं असतात.”

आता सुधीर वाद घालणार, म्हणून मी तयारीत बसले. माबेलाचा फाटा आला तेव्हा तो हळूच म्हणाला, “गावी मागच्या दारापासून पाटापर्यंत दिवे लावून घेऊ. रात्रभर चालू राहतील असे.”

आईंनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी मनातल्या मनात सालिमकाकांना नमस्कार केला.